सहा सह्या, एक मदतनीस

ताई, नमस्कार.

कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये मी एलिमेंटरी शाळेची प्रिन्सिपल आहे. हे माझं सहावं वर्ष. माझ्यावर एक एरिया सुपरिंटेंडेंट आहेत. शिवाय चीफ ऑफ स्कूल्स आहेत, चीफ अकॅडेमिक ऑफिसर आहेत, वाचन कार्यक्रमाच्या एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर आहेत आणि स्पेशल एज्युकेशनचे दोन डायरेक्टर आहेत, एक सेवांसाठी आणि एक नियमपालनासाठी. हे सहाही जण मला थेट मेल करतात. ऑक्टोबरात वाचन चाचणीचे तेच आकडे मी तीन वेगळ्या तक्त्यांत भरून तीन ऑफिसांना पाठवले.

सप्टेंबरमध्ये दुसरीच्या वर्गातली मदतनीस नोकरी सोडून गेली. त्या वर्गातल्या एका मुलाच्या आयईपीत, म्हणजे अपंगत्व असलेल्या मुलासाठी केलेल्या लेखी शिक्षण-योजनेत, ती मदत लिहिलेली आहे. नवीन माणूस घ्यायच्या फॉर्मवर सहा सह्या लागल्या आणि बाई आल्या जानेवारीत. तोवर त्याची शिक्षिका डाव्या हाताने त्याचं मनगट धरून उजव्या हाताने फळ्यावर लिहायची.

आता मुलं कमी झाली, बजेटात तूट आली आणि १५ मार्चच्या आत शिक्षकांना नोकरी जाण्याच्या नोटिसा जाणार. त्यात माझ्या शाळेतल्या दोघी आहेत. त्याच आठवड्यात मला सेंट्रल ऑफिसात डायरेक्टरची नवीन जागा देऊ केली. सगळ्या विभागांचा शाळांशी 'समन्वय' साधायचा, असं कामाचं स्वरूप. पगार चांगला वाढेल आणि मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजला जाणार आहे. शिवाय स्कूल बोर्डाच्या एका सदस्यांनी फोन करून विचारलं, "खाजगीत सांगा, वर कुठे चरबी साठलीय?"

जागा घेऊ का? बोलू का? की गप्प राहून आपली शाळा सांभाळू?

— सहा साहेबांची प्रिन्सिपल

* * *

प्रिय बाई,

शाळेतल्या बाईंना बाईच म्हणायची सवय जात नाही, म्हणून प्रिन्सिपल असलात तरी तुम्हाला तसंच म्हणते.

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत. मी मात्र आधी त्या दुसरीतल्या मुलाबद्दल लिहिणार आहे, कारण त्याच्याबद्दल तुम्ही काही विचारलेलंच नाही. जानेवारीत बाई आल्या आणि प्रकरण मिटलं, असं तुम्ही धरून चालला आहात. ते मिटलेलं नाही. आयईपीत लिहिलेली मदत डिस्ट्रिक्टने आपल्या सवडीने द्यायची नसते. अपंगत्व असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा केंद्रीय कायदा १९७५ मध्ये झाला, तेव्हापासून तो मुलाचा हक्क आहे. आमच्या फॉर्मवर सह्या बाकी होत्या, हे कारण त्यापुढे टिकत नाही. जेवढे महिने मदत बंद होती, त्याची भरपाई त्या मुलाला मिळू शकते. ती किती आणि कशी, हे आयईपीच्या टीमने बसून ठरवायचं. त्याच्या आईवडिलांना हे कुणी सांगितलं नसेल, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. तुम्ही सांगा. त्यांनी लेखी मागणी केली की सुट्ट्या सोडून ३० दिवसांत बैठक घ्यावी लागते.

यापुढे अशी जागा रिकामी झाली तर त्याच दिवशी स्पेशल एज्युकेशनच्या दोन्ही डायरेक्टरांना एकच मेल पाठवा. अमुक तारखेपासून अमुक मुलाची इतक्या मिनिटांची सेवा बंद आहे, तात्पुरती सोय कोण करणार आणि कधी? मेल दोघांना मिळून एकच हवा. वेगवेगळे पाठवलेत की एक म्हणेल सेवांचं काम, दुसरा म्हणेल नियमांचं, आणि मधल्या मध्ये दिवाळीपासून नाताळपर्यंतचे दिवस जातील.

आता त्या सहा सह्यांकडे येते. मी पंधरा वर्षं वर्गात शिकवलं आणि नंतर नऊ वर्षं अशाच एका मोठ्या डिस्ट्रिक्टच्या सेंट्रल ऑफिसात काढली. अशा फॉर्मांवर मीही सह्या केल्या आहेत, त्यामुळे तुमच्या फॉर्मचा प्रवास मला डोळ्यांपुढे दिसतो. पहिली सही तुमची. दुसरी एरिया सुपरिंटेंडेंटची, त्यांना माहीत असावं म्हणून. तिसरी स्पेशल एज्युकेशनची, गरज खरी आहे का हे बघायला, जरी ती गरज आयईपीत लिहिलेलीच असते. चौथी बजेटची, पैसे कुठल्या खात्यातून जाणार म्हणून. बजेटवाले खातं बदलायला सांगतात, म्हणून पाचवी पुन्हा स्पेशल एज्युकेशनची. सहावी एचआरची. यातल्या कुणालाही 'थांबा' म्हणता येतं. 'उद्यापासून माणूस घ्या' असं मात्र एकालाही म्हणता येत नाही.

यात कुणी आळशी होतं असं मी म्हणणार नाही. माझ्या ऑफिसात लोक रात्री आठपर्यंत बसायचे. पण प्रत्येकाला वाटायचं की खरी तपासणी पुढच्या टेबलावर होणार. पुढच्याला वाटायचं ती मागे झालीच असेल. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही, आणि तरी सगळे दमलेले.

म्हणून वर किती माणसं बसली आहेत यापेक्षा मला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. एखाद्या गोष्टीला शेवटचा होकार कुणाचा? ज्या डिस्ट्रिक्टमध्ये प्रत्येक कामाला या प्रश्नाचं एकच नाव मिळतं, तिथे चार पदं जास्त असली तरी शाळा चालते. जिथे तीन नावं मिळतात किंवा एकही मिळत नाही, तिथे निम्मी पदं कापली तरी तुमच्या दुसरीतल्या मुलाला माणूस जानेवारीतच मिळणार.

ही पदं येतात कुठून, हे थोडं सांगते, कारण तुम्हाला बोर्डापुढे बोलायचं तर कारण माहीत हवं. शाळेतल्या शिक्षकांची संख्या सूत्राने ठरते. इतकी मुलं, इतके शिक्षक. कॅलिफोर्नियाच्या सरकारी शाळांमधली मुलं गेल्या दहा वर्षांत सुमारे ६२ लाखांवरून ५८ लाखांपर्यंत उतरली, आणि त्या उताराबरोबर शिक्षकांच्या जागा आपोआप कमी होतात. सेंट्रल ऑफिसातल्या पदांना असं सूत्र नसतं. ती मुलांच्या संख्येला बांधलेली नसून पैशाच्या स्रोताला, एखाद्या नव्या कायद्याला, कोर्टातल्या एखाद्या तडजोडीला नाहीतर नव्या सुपरिंटेंडेंटच्या योजनेला बांधलेली असतात. ती योजना संपते, सुपरिंटेंडेंट जातात, पद राहतं. नवे सुपरिंटेंडेंट येतात ते आपली माणसं आणतात आणि जुन्या पदाच्या शेजारी नवं पद बसतं.

कोविडच्या काळात याला जोर आला. २०२० आणि २०२१ मधल्या तीन कायद्यांतून केंद्राने देशभरच्या शाळांना मिळून सुमारे १९० अब्ज डॉलर दिले. गरज खरी होती, मुलांचं नुकसानही खरं होतं. पण तो पैसा कायमचा नव्हता. शेवटच्या हप्त्याचे पैसे कुठे लावायचे हे ठरवण्याची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. त्यातून ज्यांनी कायमच्या जागा भरल्या, त्यांच्यापुढे आज तोच प्रश्न आहे जो तुमच्या डिस्ट्रिक्टपुढे आहे: कापायचं कुठे?

माझ्या बाबतीत हेच झालं होतं, फार आधी. माझं कोऑर्डिनेटरचं पद तीन वर्षांच्या ग्रँटवर होतं. ग्रँट संपली तेव्हा ते पद जनरल फंडात, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या रोजच्या खर्चाच्या खात्यात, घेतलं. मला तेव्हा मनापासून आनंद झाला होता. पुढच्या वर्षी मी ज्या शाळांना भेटी द्यायचे त्यातल्या चार शाळांमध्ये वाचनाच्या शिक्षिका निवृत्त झाल्या किंवा सोडून गेल्या, आणि त्या जागा भरल्या गेल्या नाहीत. एका शाळेत त्या शिक्षिकेची अर्धवर्तुळाकार टेबलं व्हरांड्यात काढून ठेवली होती, उलटी, पाय वर करून. मी त्या शाळेत 'वाचन सुधारणा आराखडा' समजावून सांगायला गेले होते. आराखडा चांगला होता. तो राबवायला तिथे माणूस नव्हता. दोन वर्षांनी मी स्वतः मागून वर्गात परत गेले. हे तुम्हाला लिहिताना आजही मन भरून येतं.

तरीही बोर्डाच्या त्या सदस्यांनी विचारला तसा 'चरबी कुठे' हा प्रश्न मला घातक वाटतो. मोजणीने हा विषय सुटेल असं वाटणारे आधीही होऊन गेले. २००५ मध्ये टेक्सासच्या गव्हर्नरांनी हुकूम काढला की प्रत्येक डिस्ट्रिक्टने ६५ टक्के पैसा वर्गातल्या शिक्षणावर खर्च करावा. ऐकायला किती छान. पण देशभर चाललेल्या त्या मोहिमेच्या मूळ व्याख्येत नर्स, समुपदेशक, ग्रंथपाल हे 'वर्गाबाहेरचे' होते. म्हणजे ताप आलेल्या मुलाजवळ बसणारी नर्स आणि तिसरा डेप्युटी सुपरिंटेंडेंट एकाच रकान्यात. चार वर्षांनी तो नियम मागे घेतला गेला.

आपल्या कॅलिफोर्नियातही मोजणीचे नियम आहेत आणि ते तुम्हाला माहीत असायला हवेत. युनिफाइड, म्हणजे एलिमेंटरीपासून हायस्कूलपर्यंतच्या सगळ्या शाळा चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये दर १०० शिक्षकांमागे ८ पेक्षा जास्त प्रशासकीय पदं असू नयेत. एलिमेंटरी डिस्ट्रिक्टला ही मर्यादा ९ आहे, हायस्कूल डिस्ट्रिक्टला ७. शिवाय युनिफाइड डिस्ट्रिक्टने चालू खर्चाच्या किमान ५५ टक्के वर्गातल्या शिक्षकांच्या आणि मदतनिसांच्या पगार-भत्त्यांवर घालायचे असतात. दोन्हींची तपासणी वार्षिक ऑडिटमध्ये होते, आणि ऑडिटचा अहवाल कुणालाही मागता येतो. तो वाचा. पण गाफील राहू नका. ८ च्या त्या हिशेबात शिक्षकी पात्रता लागणारी पदंच धरतात. बाकीचे मॅनेजर त्याच्या बाहेर राहतात. डिस्ट्रिक्ट सगळे नियम पाळत असेल आणि तरी तुमच्या फॉर्मवर सहा सह्या असतील.

लॉस एंजेलिस युनिफाइडचं उदाहरण मला नेहमी आठवतं. २००० मध्ये त्यांनी डिस्ट्रिक्टचे ११ भाग केले, प्रत्येकाला आपला सुपरिंटेंडेंट, आपलं ऑफिस. काही वर्षांत ते ८ झाले. मग पुन्हा फेररचना, २०१५ मध्ये ६, आणि २०२२ पासून ४. मुलं या काळात सात लाखांहून अधिक होती ती चार लाखांच्या आसपास आली. दर वेळी नकाशा बदलला, दर वेळी प्रिन्सिपलला नवे साहेब मिळाले. भाग ११ असावेत की ४, यावर लोक अजून वाद घालतात. मला विचाराल तर कोणत्याही आकड्याच्या आधी एक यादी हवी होती: हे निर्णय शाळेचे, हे भागाचे, हे मुख्य ऑफिसचे, आणि तिथे दुसऱ्या कुणाची लुडबूड नको.

आणि वरचं प्रत्येक पद निरुपयोगी असतं असं मी मानत नाही. २०१४ मध्ये वॉलेस फाउंडेशनने सहा मोठ्या डिस्ट्रिक्टांमध्ये प्रिन्सिपलांच्या वरिष्ठांचं काम बदलून पाहिलं. आपलं लाँग बीच त्यात होतं. एका वरिष्ठाकडे सरासरी १७ प्रिन्सिपल होते ते १२ वर आणले. म्हणजे पदं कमी न करता वाढवली. पण बरोबरीने त्या वरिष्ठांच्या डोक्यावरची बाकीची कामं काढली, जेणेकरून ते शाळेत येऊन वर्गात बसतील. काम काढून घेतलं, म्हणून पद उपयोगी झालं. तुमच्या एरिया सुपरिंटेंडेंट तुमच्या वर्गांमध्ये शेवटच्या कधी बसल्या होत्या? उत्तर चांगलं असेल तर त्यांचं पद जपायला हवं, हेही तुम्हीच बोर्डाला सांगायला हवं.

आता बोर्डाच्या सदस्यांचा फोन. खाजगीत काही सांगू नका. तुम्ही घाबरावं म्हणून हे सांगत नाही. एकट्या सदस्याला कायद्याने काही करता येत नाही, बोर्ड बैठकीत बसून ठरवतं तेवढंच चालतं. तुम्ही एखाद्या डायरेक्टरचं नाव घेतलंत तर आठ दिवसांत ते नाव फिरेल, एक माणूस दुखावेल आणि फॉर्म तसाच राहील. त्यांना नम्रपणे सांगा, "व्यक्तींबद्दल मी बोलणार नाही. पण बोर्डाने हा विषय बैठकीत घेतला तर माझ्या शाळेतले तीन फॉर्म घेऊन मी येते." आणि असा फोन आला होता हे त्याच दिवशी एरिया सुपरिंटेंडेंटना कळवा. नंतर कुणाकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं.

ते तीन फॉर्म कोणते? एक मदतनिसाचा. दुसरा, वाचन चाचणीचे ते तीन तक्ते. तिसरा तुम्ही निवडा, एखादं मोडलेलं दार किंवा बससाठी केलेली मागणी. प्रत्येकासाठी एकच पान. कधी निघाला, कुणाकडे किती दिवस होता, परत का आला, शेवटी होकार कुणी दिला. विशेषणं घालू नका, तक्रारही लिहू नका, फक्त तारखा. मी अशी एक बैठक पाहिली आहे. प्रिन्सिपलने एका टेबलावर सहा सह्यांचा कागद ठेवला आणि खाली लिहिलं होतं: '९७ दिवस'. चौदा जण बसले होते. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बजेटच्या बाई म्हणाल्या, "माझी सही काढून टाका, आयईपी असेल तर मी नाही म्हणूच शकत नाही." त्या दिवशी सहाच्या तीन झाल्या. एकही नोकरी गेली नाही.

तुमच्याकडे कुणी हे करू दिलं नाही तरी रस्ते बंद होत नाहीत. सरकारी मंडळांच्या बैठका लोकांना खुल्या ठेवणाऱ्या ब्राउन कायद्यामुळे नियमित बैठकीचा अजेंडा ७२ तास आधी लावावाच लागतो आणि लोकांना बोलू द्यावं लागतं. नवी पदं त्याच अजेंड्यावर मंजुरीला येतात, बहुतेकदा एकत्र मंजूर करायच्या यादीत, जिथे कुणाचं लक्ष जात नाही. पालक तिथे विचारू शकतात. पब्लिक रेकॉर्ड्स कायद्याखाली पालक किंवा शिक्षक संघटना गेल्या पाच वर्षांचे पदांचे आराखडे मागू शकतात. डिस्ट्रिक्टला १० दिवसांत काय देणार ते कळवावं लागतं. आणि बोर्डाला बाहेरचा डोळा हवा असेल तर एफसीमॅट ही राज्याची संस्था डिस्ट्रिक्टच्या रचनेची पाहणी करून देते. दर वसंतात एलसीएपीच्या, म्हणजे डिस्ट्रिक्टने पैसा कशासाठी लावायचा या आराखड्याच्या, बैठका होतात. तिथे पालकांचं म्हणणं ऐकणं बंधनकारक आहे. तुमच्या पालकांना तारीख सांगा. सांगण्यात काही वावगं नाही.

राहिली ती जागा. मुलीच्या कॉलेजचा विचार मनात येतो म्हणून ओशाळू नका. घर चालवायला पैसा लागतो, आणि सहा वर्षं प्रिन्सिपल राहिलेल्या बाईने वर जावं यात काही चूक नाही. मला काळजी वेगळी वाटते. सहा विभागांचा समन्वय साधायला सातवं पद. त्या पदाला होकाराचा अधिकार नसेल तर पुढच्या सप्टेंबरमध्ये त्या फॉर्मवर सातवी सही तुमची असेल, आणि तुम्हाला फोन करणारी प्रिन्सिपल तुमच्यासारखीच कुणीतरी असेल.

म्हणून उत्तर द्यायला एक आठवडा मागा आणि तीन गोष्टी लेखी विचारा. कोणते निर्णय माझ्या एकटीच्या सहीने होतील? निदान तीन तरी नावानिशी सांगा. माझ्या येण्याने कोणाचं कोणतं काम बंद होईल? आणि या पदाचा पैसा कुठल्या खात्यातला, किती वर्षांचा? तिसरा प्रश्न तुमच्या स्वतःसाठीही आहे. कॅलिफोर्नियात प्रशासकीय पदाला कायमपण मिळत नाही. तुम्ही शिक्षिका म्हणून कायम झाला असाल तर तो हक्क राहतो, पण डायरेक्टरचं पद एका १५ मार्चच्या नोटिशीने जाऊ शकतं. आणि तोवर तुमच्या शाळेवर दुसरी कुणी प्रिन्सिपल असेल.

पहिल्या दोन प्रश्नांची नीट उत्तरं आली तर जा, आणि पहिल्याच महिन्यात तो फॉर्म हातात घ्या. "हळूहळू ठरेल, आधी या तर खरं" असं कुणी गोड बोलून म्हणालं, तर माझं मत स्पष्ट आहे, जाऊ नका. त्याऐवजी त्यांना विचारा की या नव्या पदाचा पगार आणि तुमच्या नोटीस मिळणाऱ्या दोघी, यांचा हिशेब एका कागदावर कुणी मांडलाय का. मांडला नसेल तर तुम्ही मांडा, आणि १५ मार्चच्या आधीच्या बैठकीला तो कागद घेऊन जा. त्या दोघींपैकी एक जण दुसरीला शिकवणारी असेल, मनगट धरून लिहिणारी, तर बोलायला उभं राहताना तिला शेजारी बसवा.

तुमची,
ताई